एका ड्रॅगनची तीन बारशी

मित्रांनो, सातुर्निनाबाई शेवटी गेली नाही, राहिली. आता हे मी सांगितलंच नाही असं धरून चला, म्हणजे मला सगळं पहिल्यापासून सांगता येईल.

मी लिमातल्या एका चिफाची, म्हणजे चिनी खाणावळीची, जुनी पाटी आहे. आमचा मालक अकिलिनो लाऊ, त्याच्या वडिलांनी माझ्यावर 'लुंग' रंगवलं. त्यांच्या कँटनी भाषेत लुंग म्हणजे ड्रॅगन. पाऊस पाडणारा, घराची भरभराट करणारा. मी फुशारले. पण गिऱ्हाइकांना अर्थ कळेना, म्हणून अकिलिनोने खाली स्पॅनिशमध्ये 'ड्रागोन' लिहिलं. लगेच पाद्री म्हणाले, "हा तर सैतान. चित्रात संत मिगेल ज्याला भाला खुपसतात तो." कालपर्यंत मी पाऊस पाडत होते, आज लोक मला बघून छातीवर क्रूस काढू लागले. मी जागची हललेही नव्हते.

मग अकिलिनोची बायको सातुर्निना स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"माझ्या आईच्या केचुआ भाषेत त्याला आमारू म्हणतात. तळ्यातून निघतो, पूर आणतो. बावीस वर्षं सूप मी ढवळते आणि पाटीवर तुझे वडील नि पाद्री? ती दोन्ही नावं पूस, आमारू लिही. नाहीतर मी चालले बहिणीकडे आयाकुचोला."

"अगं, आणि सूप?"

"ते ड्रागोनला सांग."

अकिलिनोने मुकाट्याने ब्रश आणला. पण आमच्याकडे पाटीच्या बारशालाही धर्मपिता लागतो. तो रिबिनीला टांगलेली बाटली हातोडीने फोडतो, तेव्हा नाव लागतं, आणि तो घरच्यांचा जन्माचा कोंपाद्रे, म्हणजे मानलेला सोयरा, होतो. लुंगचे म्हातारे धर्मपिता डॉन एलेउतेरियो धापा टाकत आले.

"कोंपाद्रे, मी जिवंत असताना माझ्या धर्मकन्येचं नाव पुसतोस?"

मागोमाग ड्रागोनच्या धर्ममाता आल्या आणि गल्ल्याशेजारी बसून रडू लागल्या. इथे माणूस एकवेळ बायकोला दुखवेल, कोंपाद्रेला नाही. सातुर्निनाने बोचकं बांधलं.

"थांब," अकिलिनो म्हणाला. "पुसत कुणालाच नाही. पण तुझं सगळ्यात वर, सगळ्यात मोठं."

"मोजपट्टी आण."

तिने अक्षरं स्वतः मोजली, मग बोचकं सोडलं. आमारूच्या नव्या धर्मपित्याने हातोडी उगारली. बाटली शाबूत राहिली, माझा कोपरा उडाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, पाटीला हवं ते नाव द्या, पण तिला जपा.

सबब, माननीय नगरपालिकेस विनंती की, यापुढे प्रत्येक धर्मपित्याकडून नेमबाजीचा सरकारी दाखला घ्यावा; आणि अर्जदार पाटी पाऊस, सैतान व पूर ही तिन्ही खाती एकटी सांभाळत असल्याने, तिला प्रत्येक नावामागे एक भरपगारी रजा मंजूर करण्यात यावी.