झुंबरबाईच्या गाडीतला पलंग

मी एक जुना पलंग आहे. मित्रांनो, पलंग म्हटलं की तुम्ही आधी पाय शोधाल, पण ते मला नाहीत. मी एका गाडीच्या मागच्या भागात आडवा बसवलेला आहे. माझी एक कड बिजागऱ्यांनी खिडकीखाली जोडली आहे आणि माझ्या पोटाखाली लांबरुंद पेटी आहे. मला वर उचललं की पेटी उघडते. घरातले पलंग नुसते झोपायच्या कामाचे. माझ्यावर मात्र एक संसार झोपतो आणि माझ्याखाली एक दुकान असतं. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवणार नाही.

ही गाडी पूर्वी शाळेची मिनीबस होती. ती मोडीत निघायच्या बेतात असताना जामखेडच्या गोरक्षनाथांनी घेतली, आतली बाकं काढली, शेगडीपुरता ओटा केला आणि पाण्याची टाकी बसवली. गोरक्षनाथ आणि त्यांची बायको झुंबरबाई बैलांचा साज विकतात. कासरे, म्होरक्या, वेसणी, घुंगरमाळा, पोळ्याच्या झुली, शिंगांचा रंग असं सगळं त्यांच्याकडे मिळतं. आज घोडेगाव, उद्या काष्टी, परवा लोणी. जिथे जनावरांचा बाजार तिथे आमचा मुक्काम.

मला घडवलं जामखेडच्या अजिनाथने. तो वेल्डिंगची कामं करतो. गोरक्षनाथांनी त्याला बजावलं होतं, "अजिनाथ, असा बनव की हत्ती झोपला तरी वाकला न्हाई पायजे." अजिनाथनेही शब्द खाली पडू दिला नाही. जाड लोखंडी अँगल, त्यावर जाड प्लायवूड. हत्ती काही कधी झोपायला आला नाही, पण मी वाकलोही नाही.

हे वजन उचलायचं कोणी? तर झुंबरबाईने. गोरक्षनाथ गाडी लावून बैलांच्या गर्दीत गिऱ्हाईक शोधायला जायचे आणि झुंबरबाई गाडीत बसून विकायची. गिऱ्हाईक आलं की ती पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवायची, वाकून मला दोन्ही हातांनी वर घ्यायची आणि माझी कड थेट डोक्यावर टेकवायची. मग हात मोकळे! मी डोक्यावर आणि ती पेटीत हात घालून घुंगरमाळ शोधते आहे, हे बघायला लोक थांबायचे. "मावशी, पलंग डोक्यावर घेऊन दुकान चालवताय व्हय?" कोणी विचारलं की ती म्हणायची, "पान्याच्या घागरी वाहिल्यात रं बाबा, ह्यो तर पलंग हाय. सांडत तर न्हाई!" सगळे हसायचे आणि गिऱ्हाईक एका वस्तूला आलेलं दोन वस्तू घेऊन जायचं.

वर्षानुवर्षं असंच चाललं. मग एका उन्हाळ्यात तिच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मान वळेना. नगरच्या डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला आणि सांगितलं की डोक्यावर ओझं आता बंद. गाडी दारात उभी राहिली. माझ्यावर धूळ बसली, पेटीतल्या झुली उंदरांनी कुरतडल्या. बंद गाडीत पडून राहण्याचं दुःख काय असतं ते मला तेव्हा कळलं. पण माझ्यापेक्षा वाईट हाल झुंबरबाईचे होते. ती रोज यायची, गाडीचं दार उघडायची, माझ्या कडेला हात लावून उभी राहायची आणि परत जायची.

त्यांची मुलगी धनश्री नगरला असते. तिने एक खोली रंगवून घेतली, खिडकीला पडदा लावला आणि फोनवर आईला म्हणाली, "आई, लई केलंस. आता हितं येऊन बस. शनिवारी मी काष्टीला येते, उरलासुरला माल विकून टाका, मग गाडीचं बघू." तिच्या बोलण्यात माया होती, कोणी नाही म्हणत नाही. पण झुंबरबाईने फोन ठेवला तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. गोरक्षनाथांना एकट्याला दुकान जमणार नव्हतं. ते वेसण मागितली तर कासरा काढून देणारे गृहस्थ. म्हणजे झुंबरबाई बसली की गाडीही बसली.

ती तडक अजिनाथकडे गेली. "ह्या पलंगाचं काय तरी कर. डोकं न लावता वर गेला पायजे."

अजिनाथने दाढी खाजवली. "वैनी, मोटारीची डिकी बगितली का? एका हातानं वर जाती आन् तितंच थांबती. तिला दोन बाजूला गॅसचे दांडे अस्त्यात. तसे ह्याला बसवतो. पर वजन अंदाजानं धरून चालायचं न्हाई."

गोरक्षनाथ या कामात फार चोख. वजनात काही राहायला नको म्हणून त्यांनी माझ्यावर गादी टाकली, गोधड्या टाकल्या, उशा, चादरी, पावसाळ्यातलं घोंगडंसुद्धा टाकलं. माझ्या कडेला कांदे तोलायचा लटकता काटा अडकवून वजन घेतलं आणि अजिनाथने त्या मापाचे दणकट दांडे आणले. ते बसले, आणि झुंबरबाईने मला अंथरुणासकट नुसत्या हाताने उचललं. मी अलगद वर गेलो आणि हवेत उभा राहिलो! तिचा चेहरा बघून मलाही भरून आलं.

शुक्रवारी रात्री आम्ही काष्टीला पोचलो. अजिनाथही एक गाय बघायची म्हणून बरोबर होता. शनिवारी सकाळी उठून झुंबरबाईने नेहमीप्रमाणे अंथरूण झाडलं, वळकटी बांधून पुढच्या सीटवर ठेवली आणि मला खाली धरून ठेवणारी कडी काढली. काढताक्षणी मी धाडकन वर! फळीवरचा चहाचा डबा उडाला. तिने मला दाबलं, कडी लागायच्या आत मी पुन्हा वर. अंथरुणासकट तोललेला पलंग अंथरुणाशिवाय खाली राहील कसा? शेवटी गोरक्षनाथ माझ्यावर मांडी घालून बसले. गिऱ्हाईक आलं की ते उठायचे, गेलं की बसायचे.

"अवो, तुमी आज माल इकायला आलाय का पलंग दाबायला?" झुंबरबाई कडाडली. वरून हसली, पण घाबरली होती. धनश्री यायची वेळ होत आली होती. हा तमाशा तिने पाहिला असता तर गाडीचा निकाल तिथेच लागला असता.

अजिनाथला बोलावणं गेलं. त्याने पाहिलं, डोकं खाजवलं आणि सोपा उपाय सुचवला. "वैनी, अंथरूण दिवसा वरच राहू द्या. वजनानं बसंल खाली."

झुंबरबाई ताठ उभी राहिली. "दिवसाढवळ्या अंथरूण पसरून ठिवायला हितं कोन आजारी हाय?"

मानेचा पट्टा खुंटीला लटकत होता. मग ती शांतपणे म्हणाली, "रातीला मला पेटी उघडायचीच न्हाई. ह्यो मोकळा असताना उघडायचा. मोकळ्या पलंगाचं बग."

अजिनाथने आपल्या नेहमीच्या हत्यारांच्या पिशवीतून बॅटरीवरचं ड्रिल काढलं. दार बिजागरीजवळ ढकललं तर जोर वाया जातो, हे तुम्हीही करून पाहिलं असेल. दांड्यांचा जोर कमी करायला त्यानेही तेच केलं. दांड्यांची माझ्याकडची टोकं बिजागऱ्यांकडे सरकवून नवी भोकं पाडली. एकदा चुकलं, मी अर्ध्यातच लटकलो. दुसऱ्यांदा थोडं बाहेर घेतलं. कडी काढली. मी जागचा हललो नाही. झुंबरबाईने हात लावला तसा सावकाश वर गेलो, तळहाताने दाबलं तसा गपचूप खाली बसलो. पोलादासारखी शिस्त!

तेवढ्यात धनश्री आली. हातात आईचे कपडे भरायला रिकामी पिशवी होती. त्याच वेळी श्रीगोंद्याचा एक शेतकरी म्होरक्यांची जोडी मागत होता. धनश्री पुढे धावली, "आई, थांब, मी उचलते!"

"बाजूला हो, गिऱ्हाईक खोळंबलंय," झुंबरबाई म्हणाली. एका हाताने मला वर केलं, लाल गोंड्यांची जोडी काढली, मला खाली लोटलं आणि भाव सांगितला.

धनश्री बघत राहिली. शेतकरी गेल्यावर तिने मला स्वतः उघडून पाहिलं, बंद करून पाहिलं, मग माझ्यावर बसली. तिचे डोळे भरले होते. "आई, मी खोली एवढी रंगवून ठेवली."

"त्या खोलीत दिवाळीला ऱ्हायला येते की. पर बसायला न्हाई येनार, बाई."

धनश्रीने नाक पुसलं, खुंटीवरचा पट्टा काढला आणि आईच्या मानेला स्वतःच्या हाताने बांधला. "ह्यो रोज लावायचा."

"लावते," झुंबरबाई म्हणाली, आणि घोडेगावला कोणता माल आधी लागेल ते सांगू लागली. गोरक्षनाथांनी रिकाम्या पिशवीत लेकीसाठी लसूण भरला.

मित्रांनो, मी अजूनही तेवढाच जड आहे. बिजागऱ्यांना तेल द्या, दांडे सैल पडले तर वेळेवर बदला, एवढंच आम्हा वस्तूंचं मागणं. पण एक मागणं माणसांसाठीही आहे. तुमच्या घरात कोणाला खालचा हंडा उचलवेनासा झाला, तर "तुम्ही आता बसा" म्हणण्याआधी तो हंडा ओट्यावर ठेवून पाहा.