दुसरी शेगडी

पालिकेनं भाडं ठरवायची नवी रीत काढली आणि आठवडाभरात गावातल्या शेगड्या संपल्या. मुजफ्फरच्या भांड्यांच्या दुकानात एका बर्नरच्या शेगड्या कधीपासून धूळ खात पडल्या होत्या. त्या त्यानं नीट पुसल्याही नाहीत, तशाच विकल्या. लोकांना अचानक काय झालं, हे त्यानं कुणाला विचारलं नाही. चांगल्या चाललेल्या धंद्यात नसत्या चौकशा कोण करतो?

या सगळ्याचं मूळ होतं रुखमाबाईचं तोंड.

विहारामागं पालिकेची तीन मजली इमारत आहे. गरिबाला परवडेल अशा भाड्याच्या खोल्या म्हणून बांधलेली. एक खोली, ओटा, मोरी आणि मागं हातभर गॅलरी. इतकी वर्षं सगळ्यांना भाडं सारखंच होतं. खाली दोन ट्रक बाळगणारा डोंगरसिंग जितकं भरायचा, तितकंच वर रजया शिवून पोट भरणारी जैबुनबी भरायची. डोंगरसिंगाला यात काही गैर वाटत नव्हतं, बाकी सगळ्यांना वाटत होतं. शेवटी पालिकेनं मनावर घेतलं आणि ज्याची जशी कमाई तसं त्याचं भाडं, असं ठरवलं. गोष्ट चांगलीच होती. प्रश्न एवढाच उरला की घरात कुणाकुणाची कमाई धरायची.

त्यासाठी विहारात सभा भरली. पालिकेच्या साहेबांनी सांगितलं की रेशनकार्डावर जितकी नावं, तितक्यांची कमाई धरणार. जैबुनबीच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या कार्डावर दोन पुतणे होते. दोघं हैदराबादला कमवत होते आणि ईदलासुद्धा इकडं फिरकत नव्हते. तिला स्वतःला काही बोलता येईना, ती नुसती पदराचं टोक पिळत बसली. तेव्हा शेजारून रुखमाबाई उठली.

रुखमाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. नवऱ्याच्या मागं तिनं याच कामावर पोरगा वाढवला होता. सभेत उठून बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. पण एकदा उठली की मधेच बसायचाही नव्हता.

"साहेब, कार्डावरचे लोक जेवाले येतात काय?" ती म्हणाली. "पुतण्याईची कमाई पुतण्याईच्या पोटात जाते. या बाईनं त्याचं भाडं काहून भरावं? एका चुलीवर जेवते ते एक घर. त्या चुलीवर जेवणाऱ्याईची कमाई धरा, बाकीच्याईची सोडा."

मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी बाजूच्या माणसाशी काहीतरी कुजबुज केली. पुढच्याच महिन्यात नियम झाला. एक चूल म्हणजे एक कुटुंब, आणि खोली ज्याच्या नावावर, त्याच्या चुलीवर जेवणाऱ्यांची कमाई जोडून भाडं. वेगळी चूल मांडून सोबत राहणाऱ्यांची कमाई धरायची नाही.

"रुखमा, तुह्या एका बोलानं माहं घर वाचलं," जैबुनबी जिन्यात तिचा हात धरून म्हणाली. दोन दिवस रुखमाबाई जरा ताठच चालली. शाळेत खिचडीलाही त्या दोन दिवसांत मीठ नेमकं पडलं.

मग तिच्या पोरानं तिला त्या नियमाची दुसरी बाजू दाखवली.

इंद्रजित तिचा एकुलता एक. रोज पांढरकवड्याला जायचा, तिथं एका ठेकेदाराकडं विजेच्या तारा ओढायच्या कामावर होता. कागदावर पगार बरा दिसायचा. हातात मात्र तो ठेकेदाराला आठवण झाली की पडायचा.

"आई, नियम तुहाच हाय," जेवताना तो म्हणाला. "खोली तुह्या नावावर, अन् आपण तिघं एकाच चुलीवर जेवतो. माहा पगार धरला तर भाडं चौपट होते."

"होऊ दे. कमावते तर भरू."

"कमाई कागदावर हाय, आई. दिवाळीचा पगार संक्रांतीले आला. तवा काय भरलं असतं? दोन हप्ते थकले का खोली खाली करा म्हणतीन."

रुखमाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. पोरगा खोटं बोलत नव्हता. चूल कुणाची हे विचारायचं तिला सभेत सुचलं, पण चुलीवर पैसा येतो कधी, हे विचारायचं सुचलं नाही. आता पुन्हा उठून कुणाला सांगणार?

सून मोनाली तेवढ्यात ताट घेऊन बसली. "आई, सगळेच करून राह्यले," ती म्हणाली. "गॅलरीत नुसती एक शेगडी मांडायची. आमचा सयपाक वेगळा म्हणून सांगायचं. तपासून गेले का उचलून टाकू."

"मी विहारात उभी राहून बोलली, वं. बुद्धासमोर."

"जैबुनबीसाठी बोलल्या ना? तिचं तं काम झालं. आता आपलं पाहा."

मोनाली वाईट नव्हती. पुसदची पोरगी, चार घरांची शिवणकामं घरी आणून करायची आणि शब्दानं शब्द वाढवायची नाही. रुखमाबाईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा गॅलरीत मुजफ्फरच्या दुकानातली शेगडी आणि छोटा सिलिंडर मांडलेला होता. बाजूला तिखटमिठाचा नवा कोरा डबा. डब्यात मात्र अजून काहीच नव्हतं.

तपासणीला देवसिंग आला. पालिकेतला जुना माणूस, भाडं वसूल करायला यायचा तोच. सगळ्या इमारतीत त्यानं इतक्या नव्या शेगड्या पाहिल्या होत्या की त्याचा चेहरा पार उतरला होता. तो खुर्चीवर टेकला आणि मोबाईल काढला.

माणूस दारात आला की चहा टाकायचा, हे दोघींच्या हातात बसलेलं. रुखमाबाईनं ओट्यावर आधण ठेवलं आणि तिकडं मोनालीनं गॅलरीत ठेवलं. एकमेकींना विचारायला सवडच मिळाली नाही. देवसिंगच्या पुढ्यात दोन कप आले. त्यानं एकदा या कपाकडं, एकदा त्या कपाकडं पाहिलं आणि दोन्ही संपवले.

"मावशी, चूल एक का दोन?"

"दोन," रुखमाबाई म्हणाली. आवाज असा कापला की तिचा तिलाच ओळखू येईना. देवसिंगनं मान खाली घालून मोबाईलवर बोट टेकवलं आणि शेजारच्या दाराकडं वळला. दिवसभर असल्याच उत्तरांचा चहा पिऊन बिचाऱ्याला पित्त झालं असेल.

तो गेल्यावर रुखमाबाईनं हुश्श केलं. "आता उचल ते," ती मोनालीला म्हणाली.

"आई, अचानक येऊन पाहतात म्हणे. भाड्याचं पत्र येईपर्यंत राहू द्या."

बोलण्यात तथ्य होतं. शेगडी राहिली. शेगडी आहे तर खरी वाटावी म्हणून मोनालीनं तिच्यावर एक दिवस वरण लावलं, दुसऱ्या दिवशी भाजी केली. डबा भरला. पत्र आलं, भाडं वाढलं नाही, उलट थोडं उतरलं. सगळ्यांना बरं वाटलं. त्या रात्री रुखमाबाईनं तिघांची कणीक मळली. इंद्रजित गॅलरीतून तोंड पुसत आत आला आणि म्हणाला, "आई, माहं झालं जेवण."

ती कणीक दुसऱ्या दिवशी तिनं गाईला घातली.

त्यानंतर तिनं दोनदा विषय काढला. एकदा मोनाली म्हणाली, उन्हाळा सरू द्या. एकदा इंद्रजित म्हणाला, "तुले दगदगच कमी होते ना, आई." तेही खरंच होतं. शाळेत शंभर पोरांचं रांधून आल्यावर घरी एकटीपुरतं करायचं म्हणजे काम असं नव्हतंच. दोन भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. पण एकटीपुरतं शिजवायला भांडंच मोठं पडायचं आणि जेवायला बसलं की तोंडात घास फिरायचा. शाळेतली पोरं पंगतीत भांडत जेवतात ते तिला दुपारी बघवायचं नाही, इतका तिला त्या पोरांचा हेवा वाटायला लागला होता.

मोनालीचं मात्र अंग भरलं. इतकी वर्षं ती सासूच्या हातचं तिखटजाळ न कुरकुरता खात होती, हे रुखमाबाईला आता कळलं. तिच्या वरणाला गुळाचा वास यायचा. गॅलरीत ती गुणगुणायची. पोरीचा संसार इतक्या उशिरा सुरू झाला आणि तोही हातभर जागेत, याचं रुखमाबाईला वाईट वाटायचं. आणि आपल्याला वाईट का वाटतं, म्हणून स्वतःचा रागही यायचा.

पावसात फोडणीचा धूर आत कोंडायला लागला तेव्हा इंद्रजितनं प्लायवुड आणलं. आधी गॅलरीपुरतं लावलं, मग खोलीच्या निम्म्यापर्यंत ओढलं. एक दिवस त्या प्लायवुडच्या कडेनं मोनालीनं डोकं काढलं. "आई, आमच्याकडं आज माही बहीण येऊन राह्यली. तुमच्याकडचं मोठं पातेलं द्यान?"

रुखमाबाईनं पातेलं दिलं. आमच्याकडं, तुमच्याकडं. मोनालीच्या तोंडातून ते इतकं सहज गेलं की तिच्या ध्यानातही आलं नाही.

वर्ष फिरलं. तपासणी पुन्हा येणार अशी नोटीस जिन्यात लागली तेव्हा रुखमाबाईनं मनाशी पक्कं केलं. या वेळी खरं सांगायचं. एकच चूल म्हणायचं. भाडं वाढू दे. पगार थकला तर सकाळी आणखी कुणाच्या घरी पोळ्या लाटू, पण हे प्लायवुड निघालं पाहिजे. नियम तिनंच आणला होता, तेव्हा तो पाळायला तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. तिनं पोराला सांगितलं नाही, सुनेलाही नाही. तपासणीच्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तिनं परात काढली आणि तिघांची कणीक मळून झाकून ठेवली. देवसिंग गेल्यावर सगळ्यांना हाक मारायची, एवढंच उरलं होतं.

देवसिंग आला, त्याच खुर्चीवर टेकला. यंदा तो जास्तच थकलेला दिसत होता. त्यानं प्लायवुडकडं पाहिलं, मोबाईल काढला.

"बोला मावशी. चूल एक का दोन?"

रुखमाबाईनं तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडं कुकरची शिटी झाली. इंद्रजित काहीतरी बोलला आणि मोनाली हसली. खळखळून हसली. असं हसणं या खोलीत, आपल्या ओट्याजवळ, रुखमाबाईनं कधी ऐकलं नव्हतं. पोरगाही हसत होता. कुकरातल्या वरणाचा गुळचट वास प्लायवुडच्या फटीतून इकडं आला.

रुखमाबाईनं ओट्यावर चहाचं आधण ठेवलं. मागच्या साली ती या माणसाशी खोटं बोलली होती. आज तिला खरं बोलायचं होतं, आणि खरं काय ते तिला आता ऐकू येत होतं.

"दोन," ती म्हणाली. या वेळी आवाज कापला नाही.

देवसिंगनं बोट टेकवलं. रुखमाबाईनं चहा गाळून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं कप उचलला आणि हसत प्लायवुडकडं मान वळवली.

"गेल्या वेळी दोन कप भेटले होते, मावशी."

रुखमाबाईनं परातीवरचं झाकण काढलं. कणकेचा एक लहान गोळा तोडून बाजूला ठेवला आणि उरलेल्या कणकेवर झाकण परत ठेवलं.

"त्या घरचा चहा त्या घरी मागा, भाऊ," ती म्हणाली.