थिजलेलं खोबरेल

...आणि तरीही तो खिडकीतल्या खोबरेलाच्या बाटलीकडेच बघत राहिला. डिसेंबरातल्या नवनगरच्या सकाळीही ते पांढरं, घट्ट होऊन बसे. पण त्या पांढऱ्याकडे हा जयतीर्थ इतक्या नेटानं का बघत होता — तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून? उत्तरानं त्याच्यापुढं चहा सरकवला. तिचा धाकटा भाऊ, श्रीवत्स, जाऊन चौदा महिने झाले होते. बर्फातल्या चौकीवर दोघेच होते, एक परतला, आणि त्या परतलेल्याला हे घर गाठायला चौदा महिने लागले... भावाच्या मित्राविषयी असं मनात येऊ नये. येत होतं.

"पलटणीच्या पत्रात होतं, त्याची रायफल चालली नाही," ती म्हणाली. "तुमची चालली?"

"चालली, अक्का."

"एकाच थंडीत?"

मग तो धडा म्हणावा तसं सांगू लागला — तिथं बारूदसुद्धा आळसावते, गोळी नेमाच्या खाली पडते, म्हणून नेम वर धरायचा. रायफल उबेला न्यायची नाही, तिला घाम सुटतो आणि बाहेर त्याचा बर्फ होतो. आणि तेल तर पुसूनच टाकायचं, नाहीतर ते आत थिजतं, चाप ओढला तरी सुई रेंगाळते, नुसतं टिक होतं. "वत्सा म्हणायचा, आमच्या अक्काच्या तांब्या-पितळेहून माझी रायफल लख्ख."

ती हसली नाही. सतरा वर्षं मुलांच्या सबबी ऐकलेल्या मास्तरणीला बिनचूक पाठ असलेल्या गोष्टींचाच संशय येई.

"म्हणजे त्याला हे ठाऊक होतं."

"होतं. रोज सकाळी आम्ही एकमेकांची तपासायचो."

"आणि त्या सकाळी?"

त्यानं कप बशीत ठेवला. "त्या दिवशी नवमी होती, अक्का. पूजा केली त्यानं. तेल लावून."

खंडेनवमी. आई गेल्यापासून घरातली विळी, अडकित्ता, वत्साच्या सायकलची साखळी — सगळं तीच पुजायची. तेलाचं बोट, वर कुंकू. आणि त्या वर्षी तिनं पार्सल केलं होतं... हात फुटतात म्हणालास ना, म्हणून ही बाटली... आणि खाली, कागदावर जागा उरली म्हणून, आणखी एक ओळ — नवमीला नुसत्या कुंकवावर भागवू नकोस रे, तेलाचं बोट लाव.

जागा उरली म्हणून.

की यानं वत्साच्या सामानात ते पत्र वाचलं होतं, आणि स्वतःची न तपासलेली सकाळ त्या एका ओळीखाली झाकत होता? की आत्ता, इथंच, ही बाटली बघता बघता त्याला ते सुचलं... तिनं बाटली केव्हा उचलली तिलाच कळलं नाही. तळव्यांच्या उबेनं पांढऱ्याच्या कडा पाण्यासारख्या होऊ लागल्या होत्या.

"कुठलं तेल?" तिनं विचारलं.

जयतीर्थानं आता बाटलीकडे बघितलं नाही. पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे बघितलं, दयेनं की भीतीनं, हे ओळखण्याइतका वेळ न देता. मग उठला, उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधल्या, अंगण ओलांडलं, आणि फाटकाची कडी आवाज न करता लावली — झोपलेल्या माणसाच्या घरातून निघावं तशी.