कागद न पाहता लिहिलेली बातमी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी क्षमावाणी होती. देवळातून आल्यावर त्यांनी आईपुढे हात जोडले, शेजारच्या धापूबाईंपुढे जोडले, आणि मग माझ्यापुढे.

"वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असंल तर उत्तम क्षमा, बेटा."

मीही हात जोडले आणि तेच म्हटलं. पर्युषणाचं दहा दिवसांचं पर्व संपलं की आम्हा जैनांकडे सगळेच सगळ्यांची क्षमा मागतात. कशाबद्दल, ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. सकाळपासून फोनवर असे तीसेक निरोप मी पाठवले होते. बाबांना म्हटलं ते एकतिसावं.

मी अकोल्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. दोन दिवसांची रजा काढून कारंज्याला आले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत निघणार होते.

"शाळेत येतं काय माह्यासंग?" बाबांनी टोपी घालत विचारलं. "फळा लिहाचा आहे."

"रिटायर होऊन सोळा वर्षं झाले तुमाले. अजून तुमीच काहून लिहिता?"

"मी कुठी लिहितो? लेकरं लिहितात. मी नुसता उभा राह्यतो."

"उभं राह्याले कोणी दुसरं नाही काय?"

"आहेत ना. पण ते घाई करतात."

शाळेच्या फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला तो फळा आहे. बाबांनी चाळीस वर्षं तो चालवला. शाळेच्या सगळ्या बातम्या त्यावर यायच्या. कोण स्पर्धेत जिंकलं, कोणत्या बाईंची बदली झाली, प्रयोगशाळेतल्या कपाटात मांजरीने किती पिल्लं घातली. फळ्याचे दोन नियम होते. पहिला, कागद पाहिल्याशिवाय बातमी लिहायची नाही. निकालपत्र, यादी, आदेश, काहीतरी डोळ्यांसमोर हवं, मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितलं तरी बाबा म्हणायचे, "कागद येऊ द्या, सर." दुसरा नियम नंतर आला. एखादी निवड झाली किंवा निकाल लागला, की त्या आठवड्याचा खडू ज्याचं नाव यादीत नाही अशा मुलाच्या हातात द्यायचा. जिंकलेल्यांची नावं त्याने लिहायची.

सुरुवातीला यावरून पालक भांडायला येत. एकदा एक गृहस्थ फाटकातूनच ओरडत आले होते. "आमचं पोरगं हरलं ते हरलं, आता त्याच्याच हातानं दुसऱ्याचं नाव लिहून घेता?" बाबांनी त्यांना फळ्याजवळ उभं केलं. "लिहू द्या त्याले. मनात असते तोवर ते नाव लई मोठं असते. फळ्यावर लिहिलं का वीतभर होते." गृहस्थांना ते पटलं नव्हतं. मुलगा मात्र शुक्रवारपर्यंत लिहीत राहिला.

त्या दिवशी फळ्यावर आधी क्षमावाणीचा मजकूर गेला. तो बाबा दरवर्षी स्वतः लिहायचे. वर्षभरात फळ्याकडून झालेल्या चुका त्यात असत. "जुलैच्या शर्यतीत तिसऱ्या आलेल्या मुन्नाचं नाव राहून गेलं. क्षमा असावी." अशा चार-पाच ओळी. मग त्यांनी खडू खाली केला आणि मागे उभ्या असलेल्या मुलीला बोलावलं.

"ये तहसीन. आता तुयं राज्य."

मुलगी आठवीतली, काटकुळी, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. पायात कोरे करकरीत बूट होते, पांढरे, लाल पट्टीचे. बाबांनी तालुक्याला जाणाऱ्या कबड्डीच्या संघाची यादी तिच्या हातात दिली. तिने बारा नावं लिहिली. अक्षर चांगलं होतं. सातव्या नावापाशी ती थांबली, खडू दोनदा उचलला, मग लिहिलं. बाबा मागे नुसते उभे होते. शेवटी म्हणाले, "वेलांट्या झोकात काढतं तू. घरी कोणाचं अक्षर असं आहे?"

"कोणाचंच नाही. अब्बा गाद्या भरतात."

"मंग तुयंच आहे."

परतताना ते हळू चालत होते. पोस्टाच्या वळणावर म्हणाले, "ते बूट पाह्यले काय तू?"

"नवे दिसले."

"तिच्या बापानं, नोमाननं आणले. पोरीनं घरी सांगतलं का संघात निवड झाली म्हणून. तो सगळ्या गल्लीत सांगत फिरून राह्यला."

मी ओढणी डोक्यावर घेतली.

"आज संध्याकाळी जातो त्याच्याकडे. तिलेच सांगू देईन. मी फक्त बाजूले बसन." मग, माझ्याकडे न पाहता, "हरलेल्या लेकराले समजावाले सारे येतात, बेटा. खोटं बोललेल्या लेकराजवळ कोणीच जात नाही. ते तसंच बसून राह्यते एकटं. मले हे लई उशिरा समजलं."

आम्ही दोघंच होतो. रस्त्यावर फारशी वर्दळ नव्हती. मी म्हणाले, "ऊन लागून राह्यलं, बाबा. ऑटो करू काय?"

टोपी सारखी करत ते म्हणाले, "कर."

चोवीस वर्षांपूर्वी, मी आठवीत असताना, आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला जिल्हास्तरीय वक्तृत्व स्पर्धा होती. शाळेतून मी एकटी होते, सोबत एक बाई. माझं भाषण बाबांनी लिहिलं नव्हतं, मीच लिहिलं होतं, आणि घरात ते इतक्यांदा म्हटलं होतं की आईलाही पाठ झालं होतं. व्यासपीठावर दुसऱ्या मिनिटाला पुढचं वाक्य आठवेना. मी उभी राहिले. समोर परीक्षक पाणी प्यायले, पेला खाली ठेवला, तरी मी उभीच. मग खाली येऊन बसले. परतीच्या एसटीत बाई मंगरूळपीरला उतरल्या. भावाच्या लग्नासाठी त्या पुढचा आठवडाभर रजेवर असणार होत्या. कंडक्टरला मला कारंज्याला नीट उतरवायला सांगून गेल्या. पुढचा सगळा रस्ता मी खिडकीशी बसून होते.

स्टँडवर बाबा सायकल घेऊन उभे होते.

"काय झालं?"

"पहिली आली."

ते वाक्य मी ठरवून म्हटलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते आलं. मग पुढचंही आलं. "ढाल पोस्टानं पाठवणार आहेत."

त्यांनी कागद मागितला नाही. मुख्याध्यापकांना कागद मागणाऱ्या माणसाने मला मागितला नाही. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्यांनी फळा ओल्या फडक्याने पुसला आणि गुलाबी खडूने लिहिलं, "जिल्हास्तरीय वक्तृत्व स्पर्धेत कु. त्रिशला ज्ञानचंद प्रथम." माझ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसले. सगळ्यांना तो विनय वाटला.

गुरुवारी आयोजकांचं निकालपत्र आलं. शुक्रवारी सकाळी बाबांनी मला नेहमीपेक्षा लवकर सायकलवर बसवलं. शाळेत फक्त शिपाई होता, टाकी भरत होता. बाबांनी कागद मला दाखवला नाही. तो त्यांच्या खिशात घडी करून होता, वरची कड दिसत होती. त्यांनी फळा पुसला. खडू माझ्यापुढे धरला.

"तू लिहितं काय?"

एवढंच. रागावून नाही. मला आवाज आजही आठवतो. शाळेत एखाद्या लहान मुलाला पाणी हवं का विचारतात, तसा होता. मी चपलांकडे पाहत राहिले. ते थांबले. टाकी भरून वाहायला लागली, शिपायाने नळ बंद केला, तरी थांबले. मग त्यांनी स्वतः लिहिलं.

"सोमवारची वक्तृत्व स्पर्धेची बातमी चुकीची होती. कागद न पाहता मी ती लिहिली. चूक माझी आहे. ज्ञानचंद."

घरी या विषयावर कधी बोलणं झालं नाही. आईला त्यांनी सांगितलं, "माह्यीच घाई झाली." आईने ते खरं मानलं. शाळेनेही मानलं. लेकीच्या कौतुकात गुरुजी वाहवले, असं ठरून गेलं. मराठी शिकवणाऱ्या जगदेव सरांना त्यात विनोद सापडला. मधली सुट्टी झाली की म्हणायचे, "गुरुजी, घंटा झाली म्हणतात, कागद पाह्यला काय?" चहा आला की, "साखर आहे म्हणतो हा, कागद पाह्यला काय?" माझ्या लग्नात हार घालायच्या आधी ते मांडवात मोठ्याने म्हणाले, "गुरुजी, नवरदेवाचा कागद पाह्यला ना?" मांडव हसला. बाबा हसले. मीही हसले.

हरलेल्या मुलाच्या हातात खडू द्यायची पद्धत त्या प्रसंगानंतरच्या जूनमध्ये सुरू झाली. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. की पाहिल्या आणि उचलून बाजूला ठेवल्या, कोण जाणे. मी पुष्कळ वाचते. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या माणसांचं गप्प राहणं मला लगेच कळतं.

आणि दरवर्षी क्षमावाणीला मी त्यांच्यापुढे हात जोडत होते. त्या शब्दांत सगळं मावतं. म्हणूनच मला काही सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरत होते. बाबांची आंघोळ झाली होती. आईला म्हणाले, "जरासा पडतो." डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. टोपी खुंटीवर होती, आणि खाली कोनाड्यात खडूंची डबी.

तिसऱ्या दिवशी उठावणं झालं, लोक भेटून गेले. पुढच्या सोमवारी शाळेत शोकसभा ठेवली होती. मुख्याध्यापिका ज्योत्स्ना मॅडम मला फाटकातच भेटल्या. "फळा कोरा ठेवलाय," त्या म्हणाल्या. "गुरुजींची बातमी लिहायला कोणाचा हातच होईना."

फळ्यापाशी तहसीन उभी होती. पायात चपला होत्या.

"मॅडम, या आठवड्याचाही खडू माह्याकडेच आहे. गुरुजींनं दोन आठवडे दिला होता." मग माझ्याकडे वळून, चाचरत, "ताई, कागद आहे काय?"

"कसला कागद?"

"गुरुजींचा. कागद पाह्यल्याशिवाय नाही लिहायचं म्हणे."

ज्योत्स्ना मॅडम तिला गप्प करणार होत्या. मी पर्समधून डॉक्टरांनी दिलेला दाखला काढला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, नीट वाचला, ओठ हलवत. तारीख, वेळ. परत दिला आणि लिहायला लागली. वेलांट्या खरंच झोकात काढत होती.

"गुरुजी आले होते तुमच्या घरी? त्या दिवशी?" मी विचारलं.

"आले ना. पाणी पिले अन् बसले. काहीच नाही बोलले. अब्बा गादी शिवून राह्यले होते. मंग मीच सांगतलं."

"अब्बा रागावले?"

"सुई गादीत खोचून ठेवली. मंग म्हणाले, बूट राहू दे. एक नंबर मोठेच आणले, पुढच्या वर्षीबी येतीन." ती मागे सरकून अक्षरं एका ओळीत आलीत का ते पाहू लागली. "मी काल पुसून ठेवले ते. पण शाळेत घालू का नाही, समजत नव्हतं."

"घाल," मी म्हणाले.

सभा मैदानात होती. मुलं रांगांनी बसली होती, मागे जुने विद्यार्थी, गल्लीतले लोक, कडेला पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ, ते नोमानभाई असावेत. आई पहिल्या रांगेत खुर्चीवर. जगदेव सर काठी टेकत माइकपाशी आले. आता त्यांना नीट दिसत नाही. ते चांगलं बोलले. शेवटी सभा हलकी करायला त्यांनी जुनीच वाट धरली.

"चाळीस वर्षांत या माणसानं एकच बातमी कागद न पाहता लिहिली. पोरीच्या मायेपोटी. मी त्याले जन्मभर चिडवलं. आज वर गेला असंल तर तिथं दारात उभा राहून म्हणत असंल, आधी कागद दाखवा."

मैदान हसलं. आई डोळे पुसत हसली. मग ज्योत्स्ना मॅडमनी माझं नाव घेतलं.

मी दोन पानं लिहून आणली होती. त्यांत बाबांची शिस्त होती, त्यांची सायकल, त्यांचं वाचन. मी माइकपाशी गेले, पानं उघडली आणि पहिलं वाक्य दिसत असूनही म्हणता आलं नाही. मालेगावला उभी राहिले होते तशीच उभी राहिले. मुलं वाट पाहत होती. पानं मी दुमडली.

"ती बातमी बाबांनी मायेपोटी लिहिली नव्हती," मी म्हणाले. "मी त्यांना सांगितलं होतं की मी पहिली आले. मी खोटं सांगितलं होतं. माझं भाषण अर्ध्यात राहिलं होतं. निकाल आला तेव्हा बाबांनी इथेच, त्या फळ्यापाशी, मला खडू दिला होता. मी घेतला नाही. म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. जगदेव सर, तुम्ही चोवीस वर्षं चुकीच्या माणसाला चिडवलं."

आई माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहू शकले नाही, म्हणून फळ्याकडे पाहिलं. तहसीनने बाबांचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "चूक माह्यी होती. तुमची नव्हती."