पढवलेला वर्ग

पवनारच्या शाळेत साहेब तपासणीला येणार म्हटलं की बंडूजी मास्तर धास्तावून जायचे. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यावर त्यांना एकच औषध सापडलं होतं. आधीच पोरं पढवून ठेवायची. साहेबांनी विचारायचं, पोरांनी एका सुरात सांगायचं, साहेबांनी चहा घेऊन निघायचं. आसपासच्या गावांतले मास्तरही हेच करत.

या खेपेला मात्र पाठ मास्तरांचा नव्हता, त्यांच्या भाचीचा होता. सुलोचना वर्ध्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला शिक्षिकाच व्हायचं होतं, आणि त्यासाठी नुसती पुस्तकं वाचून भागणार नाही हे तिचं तिनंच ठरवलं होतं. दर शनिवारी ती बसनं पवनारला यायची, मामाच्या चौथीच्या वर्गात बसायची, पोरांशी बोलायची. कोणतं पोर कुठे अडतं हे तिला मास्तरांपेक्षा बरं कळू लागलं होतं. तपासणीला येणाऱ्या किसनराव साहेबांना तिचा पाठ आवडला, तर नागपूरच्या ट्रेनिंग कॉलेजसाठी ते तिची शिफारस करणार होते. त्याशिवाय तिथे जागा मिळणं कठीण.

आदल्या संध्याकाळी तिनं मामाला सगळा पाठ समजावून सांगितला. टेबलावर मातीचा डोंगर करायचा, वरून पाणी ओतायचं, आणि नदी वाट कशी काढते ते पोरांनीच शोधायचं.

"अन् पोरं चुकली त?"

"चुकू द्या ना, मामाजी. चुकली म्हणजेच त मले शिकवता येईन. तुम्ही काही सांगू नका त्याईले."

"नाई सांगत, बाप्पा."

पण सकाळी वर्गात पाऊल ठेवलं आणि मास्तरांचा धीर सुटला. साहेबांसमोर वर्ग गप्प बसला तर? सुलोचना नदीवर माती आणायला गेली होती. मास्तरांनी दार लोटून घेतलं.

पाठ सुरू झाला. किसनराव मागे खुर्चीत बसले. सुलोचनेनं डोंगर रचला, तांब्या उचलला. "आता मी पाणी ओतलं, तर काय होईल?"

तांब्या कलायच्या आत अख्खा वर्ग ओरडला, "पाणी उंच भागाकडून सखल भागाकडे वाहते!"

पाठोपाठ पुढच्या रांगेतला लहानू कोणी न विचारताच उभा राहिला. "अन् दोन नद्या भेटतात त्याले संगम म्हणतात!"

सुलोचनेनं मामाकडे पाहिलं. मास्तर खडूचे तुकडे गोळा करण्यात गढून गेले. तिनं प्रश्न बदलून पाहिले, पण पोरं घोकलेलंच म्हणत राहिली. शेवटी पाणी ओतलं, तेव्हा त्याकडे कोणी बघितलंही नाही. सगळ्यांचे डोळे मास्तरांवर, बरोबर आलं ना म्हणून.

"वर्ग हुशार आहे, मास्तर," किसनराव उठता उठता म्हणाले. "पण बाईंनी काय शिकवलं, ते मला दिसलं नाही. यंदा शिफारस करणं अवघड आहे."

मास्तरांनी मान डोलावली. "हो, साहेब," एवढंच ते बोलले.

दुपारच्या बसनं साहेब निघाले. सुलोचनाही त्याच बसमध्ये, मागच्या खिडकीशी. इंजिन सुरू झालं तेव्हा मास्तरांना कुठून बळ आलं कोण जाणे, ते साहेबांच्या खिडकीकडे धावले.

"साहेब, पोरं मी पढवली होती. तिनं बजावलं होतं, तरी. तिचा काही दोष नाही."

किसनरावांनी चष्मा काढला. "ते कळलं होतं मला. वर्गातच बोलला असता, तर मी तिला दुसरा पाठ घ्यायला लावलं असतं. वेळ होता, पोरंही होती. आता नावं आजच नागपूरला जायची आहेत."

मास्तर मागच्या खिडकीपाशी आले. सुलोचनेनं सगळं ऐकलं होतं.

"मामाजी, मी चुकीन असं काऊन वाटलं तुम्हाले?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ती चुकेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. भ्याले होते ते स्वतःच, दर तपासणीला भ्यायचे तसे. पण हे सांगायला त्यांचं तोंड उघडेपर्यंत बस पुलावर पोचली होती.