सही केलेली कोरी लेटरहेडं

मी वकील आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका, हे अमरावतीच्या कोर्टात रोज दहा जणांना बजावते. आणि पक्षाच्या महिला आघाडीची जिल्हाध्यक्ष म्हणून मीच अकरा वर्षं, दर महिन्याला, कोऱ्या लेटरहेडांवर सह्या करून कार्यालयाच्या कपाटात ठेवत आले. सगळेच पदाधिकारी ठेवतात. पत्रक काढायला कोणाच्या मागे धावावं लागू नये, एवढंच.

मंगळवारी बडनेऱ्याची आकांक्षा माझ्याकडे आली. बायकोशी घटस्फोट झालाय असं सांगून आमच्या आमदार भगवंतरावांनी तिला देवळात माळ घातली, तीन वर्षं वेगळं घर करून दिलं. आता ते म्हणतात, ही बाई कोण? तिच्याकडे फोटो होते. पाचवा महिना चालू होता. मी तिचा हात धरून म्हटलं, "मी तुझ्या पाठीशी आहे. पोलिसांत आपण दोघी जाऊ."

बुधवारी पक्षाची बैठक झाली. पोरगी खरं बोलते की खोटं, हे एकानेही विचारलं नाही. निवडणुकीला किती महिने उरले, भगवंतरावांच्या मागे किती मतं, अकोल्याच्या सभेत त्यांना मंचावर बसवायचं की नाही, यावरच तासभर खल. मी बोलायला उठले तेव्हा चहा आला.

गुरुवारी माझ्या नावाचं पत्रक सगळ्यांच्या मोबाइलवर: 'सदर महिला विरोधकांनी उभी केली आहे. महिला आघाडी आमदारांच्या पाठीशी ठाम आहे.'

तळपायाची आग मस्तकात गेली. कार्यालयात जाऊन सचिव गोपालला फैलावर घेतलं.

"ताई, वरून फोन आला. तुमी कोर्टात होत्या," तो म्हणाला. "कपाटातला कागद घेतला न टाइप करून देला. नेहमी करतो तसंच."

खरंच होतं ते. उरलेली लेटरहेडं पिशवीत कोंबून मी तडक बडनेरा गाठलं.

आकांक्षाने मोबाइल पुढे धरला. "सही तुमचीच होय ना, सिंधूताई?"

"सही माझी. लिहिलं मी नाही. हे बघ, असे कोरेच कागद देऊन ठेवते मी."

ती त्या सह्यांकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला. "मंग त्यातला एक मले द्या."

"काय लिहिशील त्यावर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

अकरा वर्षांत गोपालला मी हे एकदाही विचारलं नव्हतं.

आकांक्षाने हात मागे घेतला.