साडेतीन तासांचं पाणी

मी आकसखोर बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. आमच्या पुण्याच्या कंपनीने मला आणि अंबरीषला टोकियोच्या कामावर पाठवलं होतं. तो ऑनसाइट कोऑर्डिनेटर, म्हणजे जपानी क्लायंटपुढे वाकायचं काम त्याचं, आणि कोड लिहायचं माझं. राहायचो टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागात, एकाच बिल्डिंगमध्ये. दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझा नवरा विनय, चौथ्यावर अंबरीष, त्याची बायको चित्रा आणि सात वर्षांची प्रणिता. चित्रा भली बाई. मला फ्लू झाला तेव्हा पाच दिवस तिने विनयला डबा दिला, आणि त्याबद्दल एक शब्दही कुठे बोलली नाही.

क्लायंट म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या तोयामाकडचं एक सरकारी नदी कार्यालय. तिथे तातेयामाच्या डोंगरात तीन हजार मीटरवर उगम पावून त्यांची नदी अवघ्या पन्नास किलोमीटरमध्ये समुद्राला मिळते. आपली गोदावरी त्र्यंबकहून निघून तेवढ्यात जेमतेम नाशिक ओलांडते. वरच्या दऱ्या जुन्या हिमनद्यांनी कोरलेल्या, आणि काही घळींत बर्फ उन्हाळाभर टिकून राहतं. त्याला तेव्हा जपानात कुणी हिमनदी म्हणत नव्हतं, पण पाणी त्याच चालीने खाली येत होतं. ते समुद्राजवळच्या पुलापाशी कधी आणि किती येईल, हे आधी सांगणारी सिस्टीम त्यांना हवी होती.

आता हे काम माझंच होतं, असं मी म्हटलं तर तो गर्व नाही. सॉफ्टवेअरमध्ये येण्याआधी मी भूगोलात एमएस्सी केलं, आणि दोन उन्हाळे गंगोत्रीच्या खाली तंबूत राहून दर तासाला भागीरथीचं पाणी मोजलं. बर्फाच्या नदीला घड्याळ असतं. सकाळी ती मरगळलेली असते, ऊन चढलं की फुगते. दुपारी दीड-दोनला वरच्या अंगाला तिचा भर येतो आणि मग तो भर खाली सरकत जातो. तोयामाच्या नदीला वरून पुलापर्यंत यायला तीन तास लागतात, हे मी चार महिने आकडे चिवडून काढलं. सगळं मॉडेल माझ्या हातचं.

एप्रिलमध्ये फायनल रिपोर्ट आला. लेखक म्हणून एकच नाव, अंबरीष. मी विचारायला गेले तर म्हणतो कसा, "अगं, टीमचं काम असतं. क्लायंटला एकच चेहरा लागतो." हे एक वेळ मी गिळलंही असतं. पण आठवड्याने पुण्याहून मेल आली, की कौमुदीला, म्हणजे मला, क्लायंटशी बोलणं जमत नाही, तिला मेअखेर परत पाठवावं. हे कळवणारा कोण, तर हाच. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर मुंगीलाच हाकलायला निघालेला.

विनय म्हणाला, "सोड ना. पुण्यात जाऊन दुसरी नोकरी बघू." मी सोडणाऱ्यातली नाही. मला माझं नाव हवं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला अंबरीषचं तोंड पडलेलं बघायचं होतं, तेही त्याच लोकांसमोर ज्यांच्यापुढे तो मिरवत होता.

मेच्या पहिल्या आठवड्यात, सुट्ट्यांच्या दिवसांत, तोयामाला डेमो ठरला. सिस्टीम पुलापाशी मांडायची, पाणी किती वाजता चढणार ते स्क्रीनवर दाखवायचं, आणि पाहुण्यांनी पुलावरून ते खरंच चढताना बघायचं. दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या रस्त्याकडेच्या उंच बर्फाच्या भिंती बघायच्या म्हणून अंबरीषने चित्राला आणि प्रणितालाही बरोबर घेतलं होतं. मला न्यावं लागलं, कारण काही अडलं तर निस्तरणार कोण?

ट्रेनमध्ये चित्रा माझ्या शेजारी बसली होती. आठच्या सुमाराला अंबरीषने आदल्या दिवसाच्या चाचणीचे कागद माझ्याकडे दिले, "जरा नजर टाक," म्हणून. मी टाकली. डोंगरातल्या वरच्या मोजणी ठाण्यावर पाण्याचा भर सकाळी दहा वाजता दाखवला होता.

दहाला? दहाला बर्फ जेमतेम घामेजायला लागतं. दुपारी दीडचा भर दहाला आला कुठून? दोन्ही वेळांत साडेतीन तास. हा फरक परदेशात राहणारा प्रत्येक माणूस आईला फोन लावताना बोटांवर मोजतो. जपान आणि भारताच्या घड्याळांतला फरक तो. आमचे सगळे आकडे पुण्याच्या सर्व्हरवरून फिरून यायचे, त्यामुळे वेळा भारतीय होऊन यायच्या. मी कोडच्या फाइलच्या अगदी वर, माझ्या नावाखाली, त्या परत जपानी करणारी एक ओळ लिहिली होती. बॅगेतला लॅपटॉप काढून फाइल बघितली. माझ्या नावाच्या जागी त्याचं नाव होतं, आणि नाव पुसताना महाशयांनी खालची ओळही पुसली होती.

म्हणजे आज स्क्रीन सांगणार, पाणी पुलाशी एक वाजता चढेल. आणि ते चढणार साडेचारला.

मला काय वाटलं सांगू? अंगावर मूठभर मांस चढलं. जपानात गाडीला दोन मिनिटं उशीर झाला तर माफी मागतात, आणि हा साडेतीन तास चुकणार, तेही चोरीच्या मालासकट. मी कागद त्याच्या हातात परत दिले.

"ठीक आहे ना?" त्याने विचारलं.

"तुझं मॉडेल आहे," मी म्हणाले. "तू म्हणशील ते ठीक."

चित्राने थर्मासमधला चहा मला दिला. मी प्यायले.

पुलाशी तंबू ठोकला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. डोंगराकडून गरम वारा सुटला होता, तिथल्या गार मे महिन्यातही अंगातून घाम निघत होता. असा वारा म्हणजे बर्फ धो-धो वितळणार. कार्यालयाचे वयस्क इंजिनिअर कुरोसाकी-सान स्क्रीनपुढे उभे राहिले. दातांतून हवा आत ओढत, मान किंचित वाकडी करून ते म्हणाले, "एक वाजता. थोडं लवकर आहे, नाही का." तीस वर्षं ही नदी बघितलेला माणूस पाहुण्यांदेखत याहून जास्त बोलणार नव्हता. जपानीत याचा अर्थ होतो, तुमचं साफ चुकलंय. अंबरीषने ते कौतुक समजून घेतलं आणि गरम वाऱ्यामुळे बर्फ आज लवकर वितळलंय, असं ठोकून दिलं. कुरोसाकी-सान "असं का," म्हणून गप्प बसले. मीही मूग गिळून बसले.

एक वाजला. वीस-पंचवीस माणसं पुलाच्या कठड्याशी उभी. पाणी मोजायच्या पट्टीवर काही हललं नाही. सव्वा. दीड. कुणी हसलं नाही, कुणी विचारलं नाही, हळूहळू एकेक जण खुर्चीवर जाऊन बसला. अंबरीष वाकून वाकून माफी मागत होता आणि त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. मी डोळे भरून बघितलं. असं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

मग तो माझ्याकडे आला. खाली बसून, मला कधी ऐकवला नव्हता अशा आवाजात म्हणाला, "कौमुदी, बघ ना काय झालंय. प्लीज."

"मला क्लायंटशी बोलणं जमत नाही ना," मी म्हणाले.

तो पांढराफटक पडला. "मी मेल मागे घेतो. रिपोर्टवर तुझं नाव टाकतो. आत्ता सांगतो त्यांना."

इथे थांबायला हवं होतं. मला हवं होतं ते सगळं तो देत होता. पण एकदा भूक लागली की पहिल्या घासाने ती वाढते. त्याने अर्धा तास घाम गाळला होता, मला साडेतीन हवे होते. "मला काही कल्पना नाही," म्हणाले आणि तोंड फिरवलं.

वरचं यंत्र बिघडलंय की काय ते बघायला कुरोसाकी-सान पावणेदोनला गाडी काढून निघून गेले. पाहुणेही पांगले. मी तंबूतच बसून राहिले, साडेचारची वाट बघत. पाणी येईल, सगळे बघतील, मग मी उठेन आणि शांतपणे ती पुसलेली ओळ दाखवेन, असं मनात ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती, जपानीत.

चारला एक बस आली. तिच्यातून पिवळ्या टोप्या घातलेली तीसेक शाळकरी मुलं उतरली, हातात छोट्या बादल्या. नदीत आयु माशाची बोटाएवढी पिल्लं सोडायचा कार्यक्रम दर वसंतात करतात तिथे. आमच्या डेमोला जोडून तो एक वाजता ठेवला होता. पण स्क्रीनने एकला पाणी चढेल म्हटल्यावर कार्यालयाने सकाळीच तो चारवर ढकलला होता. पाणी आलं नाही म्हणून परत बदलला नाही. जपानात एकदा छापील कार्यक्रम बदलला की तो तसाच पार पडतो. हे सगळं कार्यालयातल्या एका बाईने मला तिथे उभ्याउभ्या सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "तुमच्या अंदाजाप्रमाणे तीननंतर धोका नाही, म्हणून निर्धास्त आहोत."

मुलं उतारावरून खाली गेली, उथळ पाण्यातून चालत नदीच्या मधल्या गोट्यांच्या बेटावर पोचली. पिल्लं खोल धारेत सोडायची असतात ना.

मी लगेच उठले, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी घड्याळ बघितलं. चार वाजून सात मिनिटं. मी स्वतःला म्हटलं, साडेचार म्हणजे साडेचार, तोवर ही मुलं परतही येतील. आत्ता ओरडले तर सगळे विचारतील, इतका वेळ कुठे होतीस? आणि अंबरीष सुटेल. हो, हेही मनात आलं. तीस मुलं नदीत आणि मी त्याच्या सुटकेचा हिशेब करत बसले. दहा मिनिटं बसले.

मग एका पिवळ्या टोपीखाली दोन लांब वेण्या दिसल्या. प्रणिता. कुणीतरी तिलाही टोपी आणि बादली दिली होती. तिच्यामागे चित्रा, चपला हातात घेऊन, सलवार वर खोचून, गोट्यांवर तोल सावरत हसत होती.

मी धावले. उतारावर एकदा पडले, उठले. पाण्यात शिरले तर पाय बधिर झाले, आणि जाताना मुलांच्या घोट्याला लागलेलं पाणी माझ्या पोटऱ्यांना लागत होतं. रंगही बदलला होता, हिरवं पाणी दुधाळ झालं होतं. हा रंग मी गंगोत्रीला रोज दुपारी बघितला होता. येईल तेवढ्या जपानीत ओरडले, पाणी येतंय, बादल्या टाका, वर चला. शिक्षिकेने माझ्याकडे एकदा बघितलं आणि शिट्टी फुंकली. लहान मुलांना हातोहात पुढे दिलं. शेवटी मी आणि चित्रा, मध्ये प्रणिता, तिघी कमरेएवढ्या पाण्यातून काठाला लागलो. मागे वळून बघितलं तर बेट नव्हतं. बादल्या पुलाखालून समुद्राकडे चालल्या होत्या.

सगळी तीस मुलं मोजून झाली. दोनदा मोजली.

काठावर मी मटकन बसले. चित्रा माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून टॉवेलने माझे पाय पुसत होती आणि रडत होती. "तू नसतीस तर," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. अंबरीष मागे उभा होता. कुरोसाकी-सानची गाडी तेवढ्यात आली. वरचं यंत्र ठीक असल्याचं बघून परतताना त्यांना वाटेत चढलेलं पाणी दिसलं होतं; डोंगरात फोन लागेना, म्हणून तशीच गाडी पळवली होती. मुलं सुखरूप आहेत हे आधी त्यांनी शिक्षिकेकडून ऐकलं, मग माझ्यापुढे येऊन खोल वाकले.

"कौमुदी-सान, तुमचे आभार मानायला शब्द नाहीत," ते म्हणाले. "पण अंबरीष-सान यांच्या मॉडेलमधली चूक तुमच्या कशी लक्षात आली?"

अंबरीष-सान यांच्या मॉडेलमधली. एवढं होऊनही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मॉडेल माझं आहे," मी म्हणाले. जुळवून ठेवलेली वाक्यं तशीच्या तशी बाहेर आली, एकही चूक न करता. "त्याने माझं नाव पुसलं, तेव्हा घड्याळाची ओळही पुसली. मला हे सकाळी आठ वाजता, ट्रेनमध्येच कळलं होतं."

कुरोसाकी-सान सरळ झाले. दातांतून हवा आत ओढली आणि माझ्याकडे बघत राहिले.

चित्राला जपानी येत नाही. तिने पाय पुसता पुसता लेकीला विचारलं, "काय म्हणतायत गं?"

प्रणिता तिथल्या जपानी शाळेत जायची, घरीही एरवी अर्धं जपानीतच बोलायची. पण आईला कळावं म्हणून तिने मराठीत सांगितलं. टॉवेलात गुंडाळलेली, ओठ निळे पडलेले, शाळेत धडा वाचावा तशा आवाजात.

"मावशी म्हणते, पाणी येणार ते तिला सकाळपासून माहीत होतं."

चित्राचे हात थांबले. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"ट्रेनमध्ये?" ती म्हणाली. "मी शेजारी बसले होते तेव्हा?"

मी हो म्हणाले.

तिने माझा पाय मांडीवरून उचलून गोट्यांवर ठेवला, हळूच, लागू नये असा. मग उठली आणि प्रणिताला कडेवर घेऊन बसकडे चालायला लागली.